साहेबाला गाडी, साहेबाकडं गाडी, साहेबाची गाडी – इंग्रजीत सगळ्याला 'हॅव'च कसं काय?

मोमिनाबादी (धागाकर्ता)

राम राम मंडळी. अंबाजोगाईत दहावी-बारावीच्या आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना इंग्रजी शिकवतो. दरवर्षी एका शब्दापाशी वर्ग अडतो, तो म्हणजे 'हॅव'. पोरं गाईडातून पाठ करून येतात, हॅव म्हणजे जवळ असणे, आणि मग 'आय हॅव टू गो'चा अर्थ विचारला की एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतात.

ह्या वेळी उलट्या बाजूनं सुरुवात केली. फळ्यावर तीन मराठी वाक्यं लिहिली, साहेबाला गाडी आहे, साहेबाकडं गाडी आहे, साहेबाची गाडी आहे, आणि विचारलं की फरक काय. एका मिनिटात पोरांनी सांगितला. साहेबाला गाडी आहे म्हणजे ऑफिसनं दिलीय, ड्रायव्हरसकट, पदाबरोबर आली अन् बदली झाली की जाईल. साहेबाकडं आहे म्हणजे आत्ता त्यांच्यापाशी आहे, कुणाची का असंना, मेव्हण्याची बी असंल. साहेबाची आहे म्हणजे स्वतःच्या पैशानं घेतलेली. मग म्हणलं आता इंग्रजी करा. तिन्हीचं एकच आलं, 'साहेब हॅज अ कार'. एक पोरगी म्हणली, सर मग इंग्रजाला कळतं कसं गाडी कुणाची ते?

प्रश्न बरोबर आहे की नाही? लागलंच सांगायचं तर तो 'ओन' म्हणतो, 'इट कम्स विथ द जॉब' म्हणतो, पण रोजच्या बोलण्यात सगळं हॅववर भागवतो. तुम्ही हे कसं शिकलात, कसं शिकवता, कुठं फसता, सगळं टाका इथं. व्याकरणाची पुस्तकं माझ्याकडं आहेत, मला माणसांचे अनुभव पाहिजेत.

कडक_चहा

सर 'आय हॅव अ वाइफ'. बायको माहेरी परळीला गेलीय, मग सध्या हॅव का हॅड 😄

मोमिनाबादी

हॅवच. हॅड म्हणू नका, तिकडून फोन येईल. 'हॅड अ वाइफ' म्हणजे एकतर ती गेली नाहीतर काडीमोड झाला.

बालाघाट_सीताफळ

छान विषय काढलात सर. गंमत अशी आहे की 'हॅव'सारखं एक क्रियापद मराठीत नाहीच, आपलं सगळं 'आहे'वर चालतं अन् कोणाचं काय नातं आहे ते मागं लागलेला प्रत्यय सांगतो. मला दोन भाऊ आहेत हे नातं. 'माझ्याकडं दोन भाऊ आहेत' म्हणलं तर ऐकणाऱ्याला वाटतं पाहुणे आलेत, मुक्कामाला आहेत, गादी टाकावी लागंल. त्याच्यात दम आहे, त्याच्या अंगात ताप आहे, तिच्या हाताला चव आहे, त्याच्या नावावर चार एकर रान आहे. हे सगळं इंग्रजीत टाकून बघा, ताप पण हॅव, रान पण हॅव, दम पण हॅव.

आणि सगळ्यात भारी पैशाचं. 'त्याच्याकडं पाचशे रुपये आहेत' म्हणजे त्याच्यापाशी आहेत. पण 'माझे त्याच्याकडं पाचशे रुपये आहेत' म्हणलं की तो माझा देणेकरी झाला, आणि आता त्याच्या खिशात दमडी नसली तरी वाक्य खरंच. इंग्रजीत इथं 'ही हॅज माय फाइव्ह हंड्रेड रुपीज' केलं तर पाकीट धरून पळाल्यासारखं वाटतं, 'ही ओज मी' असंच म्हणावं लागतं. उधारीसाठी 'कडं' वापरणारी भाषा आहे आपली, आडत दुकानात एक तास बसा, सगळं व्याकरण तिथंच शिकाल.

म्हणून माझं मत, पोरांना हॅवचा एक मराठी अर्थ द्यायचाच नाही. मराठी वाक्यात 'ला' आहे का 'कडं' का 'त' ते आधी बघायला लावायचं, मग इंग्रजीकडं जायचं.

देगलूरनाका

आमच्याकडं तर घरात मराठी, गल्लीत दखनी (इकडची उर्दू बोली) अन् बाजारात तेलुगू-कन्नड. लहानपणापासून चारी ऐकलेत म्हणून सांगतो, चौघांचं हिशोबाचं वळण एकच हाय. तेलुगूत भावाला 'नाकु इद्दरु अन्नलु उन्नारु', म्हणजे मला दोन मोठे भाऊ आहेत, अन् पैशाला 'ना दग्गर डब्बुलु उन्नायि', म्हणजे माझ्याजवळ. कन्नडात भावाला 'ननगे' अन् पैशाला 'नन्न हत्तिर', हत्तिर म्हणजे जवळच. दखनीत 'मेरेकू दो भाई हैं' पण 'मेरे कने पैसे हैं'. तेलुगू-कन्नड द्रविडी, मराठी-दखनी त्या कुळातल्या नाहीत, पण रक्ताच्या माणसाला 'ला' अन् खिशातल्या नोटेला 'जवळ', ह्याच्यात चौघी एकमताच्या. बॉर्डरवरचं पोरगं ह्याच्यात कधीच चुकत नाही, चुकतंय ते इंग्रजीच्या तासाला.

जय_गोदावरी

माझं थोडं वेगळं मत आहे पटतं का बघा. भाषेत संस्कृती दिसते. इंग्रज लोक सगळ्या जगावर मालकी सांगत फिरले म्हणून त्यांच्या भाषेत पाहावं तिथं हॅव, भाऊ हॅव, ताप हॅव, जेवण हॅव. आपली संस्कृती त्यागाची, आपण फक्त 'आहे' म्हणतो, माझं आहे असा हट्ट नाही. ह्याच्यावर कुणी पीएचडी करायला पाहिजे.

फुकट_सल्ला

गोदावरी भाऊ रागावू नका पण हे काही जमत नाही. रशियन भाषा रोजच्या बोलण्यात 'माझ्यापाशी आहे' असंच म्हणते, झारच्या काळातले जमीनदार अख्खी गावं माणसांसकट बाळगून होते तरी. अरबीत 'इंदी', म्हणजे माझ्यापाशी. हंगेरियन, फिनिश, कुणाकडंच हॅवसारखं क्रियापद नाही. आणि लांब कशाला जाता, आपला निजाम घ्या! मीर उस्मान अली खान, 1937 साली टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणून झळकलेला, जेकब हिरा पेपरवेट म्हणून वापरायचा असं सांगतात. तो उर्दू बोलायचा, अन् उर्दूत सुद्धा 'मेरे पास है'च, हॅव नाही. त्यागी होता का? आपल्या आज्या-पणज्यांना विचारा सारा कसा वसूल व्हायचा ते. आपल्या गावातले बांधाचे खटले मोजा, त्यागाचं कळंल. वीतभर बांध कोरला म्हणून दोन पिढ्या बोलत नाहीत लोकं, अन् तेबी 'आहे'वाल्या भाषेतच बोलत नाहीत.

जय_गोदावरी

बांधाचं बरोबर आहे 😀 तेवढा मुद्दा मागं घेतो. पण जेवणाला कशाला हॅव लावतात?

लातूरची_सिस्टर

जेवणाचं मी सांगते. मी नर्सिंग लातूरला केलं, आता आयर्लंडमध्ये आहे. आल्या आल्या ऐकून ऐकून कान किटले, इथं सगळं हॅवच करतात. चहा हॅव, शॉवर हॅव, बसायला 'हॅव अ सीट', बघायला 'हॅव अ लुक', डुलकी पण हॅव. त्या हॅवमध्ये मालकी बिलकी काही नसते, ते नुसतं 'करणे', खरं काम पुढचा शब्द करतो. आपण कसं फोन करतो, आंघोळ करतो, चहा घेतो, विश्रांती घेतो, तसंच. अमेरिकेतले लोक आंघोळ 'टेक' करतात, इकडं 'हॅव' करतात, एवढाच फरक.

पण वॉर्डात ह्याच शब्दावर जपून राहावं लागतं. पेशंट म्हणतो 'आय हॅड अ फॉल', म्हणजे पडलो. 'शी हॅड अ स्ट्रोक', म्हणजे स्ट्रोक आला. 'शी हॅड अ बेबी' म्हणजे बाळंतीण झाली, पण 'शी हॅज अ बेबी' म्हणजे नुसतं तिला लेकरू आहे, आणि 'शी इज हॅविंग अ बेबी' म्हणजे दिवस गेलेत नाहीतर आत्ता कळा चालू आहेत, कोणत्या वॉर्डात उभं राहून ऐकताय त्याच्यावर अर्थ ठरतो. हँडओव्हरला (पाळी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या नर्सला देतात तेव्हा) एक म्हातारे आजोबा होते, त्यांच्याबद्दल नर्स 'ही हॅज हॅड हिज टी' म्हणल्या तर त्यांचं संध्याकाळचं जेवण झालं (इकडं बरेचजण संध्याकाळच्या जेवणाला टी म्हणतात, हे अजून वेगळंच). आणि तेच 'ही हॅज हॅड इट' असतं तर आजोबांचं सगळंच आटोपलं! एका शब्दानं माणूस जेवलेला का संपलेला ते ठरतं. हँडओव्हरला मी कान टवकारून बसते ते ह्याच्यासाठीच.

अजून एक ज्यांना आवड आहे त्यांच्यासाठी. आयरिश भाषेत पण हॅव नाही, ते म्हणतात बहीण 'माझ्यापाशी' आहे, आणि भूक, दुःख हे माणसा'वर' असतं. 'ता ओक्रस ओरम', भूक माझ्यावर आहे. मला तर हे ऐकून एकदम आपलं वाटलं, भूक लागते, झोप लागते, कुणी जाऊन आणत नाही. त्याच सवयीनं त्यांची इंग्रजी पण वेगळी, आत्ताच जेवले म्हणायला 'आयम आफ्टर हॅविंग माय डिनर'. नवीन आलेल्या मुलींना वाटतं ही बाई जेवणाच्या मागं लागलीय, वाढा तिला.

भरती_2प्रयत्न

सर माझा डाऊट. क्लासमध्ये 'आयम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणलं की सर ओरडतात पण 'आयम हॅविंग लंच' चालतं म्हणतात. दोन्हीत हॅविंगच हाय की. मंग कामून?

मोमिनाबादी

दादा ओरडायचं कारण असंय. भाऊ असणं ही करायची गोष्ट नाही, ती चालू-बंद होत नाही. जेवण, मीटिंग, मजा, आंघोळ ह्या चालू असतात अन् संपतात. म्हणून मालकी, नातं, शरीर, आजार हे आलं की 'आय हॅव'. काहीतरी घडतंय, चाललंय, तर 'आयम हॅविंग'. 'आयम हॅविंग ट्रबल विथ माय नेटवर्क' पण बरोबर, तो त्रास आत्ता चालू आहे.

आता आपण भारतीय लोक सगळीकडं हॅविंग का लावतो? माझा अंदाज, आपल्या 'आहे'मुळं. करतो आहे, जातो आहे, मला भाऊ आहे, सगळीकडं आहे ऐकू येतं म्हणून सगळीकडं 'अॅम' अन् 'इंग' घुसतं. देशभर बोलतात असं, ऑफिसात कुणी हसत बी नाही. पण पेपर तपासणारा कापतो, म्हणून भरतीपर्यंत तरी नियमानं चाला.

कोर्टकचेरी

वकिली करतो, उशिरा आलो धाग्यावर. तुम्ही सगळे हॅव धरून बसलात, आमच्या धंद्यात खरा घोळ 'ओन' अन् 'पझेस'मध्ये आहे. पक्षकार येतो म्हणतो 'साहेब, जमीन माझी हाय'. मी विचारतो माझी म्हणजे काय? नावावर हाय, का ताब्यात हाय, का वहिवाटीत हाय, का नुसती मनात हाय? पाच मिनिटं विचार करतो अन् म्हणतो नावावर चुलत्याच्या हाय, पण कसतो मी. ह्या एका वाक्यात कोर्टाची दहा वर्षं.

सातबारा काढून बघा, सगळ्यांनी पाहिलाय पण वाचलाय कुणी? त्याच्यावर तुमचं नाव लागतं ते 'भोगवटादार' म्हणून, अन् त्याच्यात वर्ग 1, वर्ग 2. वर्ग 2वाल्याला परवानगीशिवाय विकता येत नाही. गाव नमुना 7 हक्काचा, 12 पिकाचा. म्हणजे वर कुणाचं आहे अन् खाली काय पिकलंय. आपल्या मराठवाड्यात तर निजामाच्या काळातल्या इनामांचा थर वेगळाच, मदतमाश, खिदमतमाश, त्याच्यावर 1950चा हैदराबाद कूळ कायदा, संरक्षित कूळ. एकाच तुकड्याला इनामदार म्हणतो माझं, कूळ म्हणतं माझं, देवस्थान म्हणतं देवाचं, अन् प्रत्येकाजवळ कागद.

इंग्रजांच्या कायद्याचं एक मात्र मला कायम भारी वाटतं. चोरी म्हणजे काय, तर दुसऱ्याच्या 'पझेशन'मधून वस्तू लबाडीनं, न विचारता हलवणं. मालकीचा शब्दच नाही त्या व्याख्येत. म्हणून स्वतःची वस्तू चोरता येते! जुन्या दंड संहितेच्या 378 कलमाखाली उदाहरणच दिलेलं आहे, मी माझं घड्याळ दुरुस्तीला दिलं, पैसे बाकी म्हणून दुकानदारानं ते अडकवून ठेवलं, अन् मी पैसे बुडवायला ते गुपचूप उचलून आणलं तर घड्याळ माझंच पण चोर मीच. आता न्याय संहितेत कलम 303 झालंय, व्याख्या तीच. उलट्या बाजूनं 1963च्या मुदत कायद्यात 12 वर्षांचा प्रतिकूल ताबा. मालक झोपला, दुसरा उघड उघड मालकासारखा कसत राहिला, तर मालकाचाच दावा मुदतीबाहेर जातो. आपल्याकडं ह्यालाच म्हणतात ज्याच्या हाती ससा तो पारधी. (उद्या लगेच चुलत्याच्या रानात नांगर घालू नका, सिद्ध करायला घाम निघतो, अन् चुलता-पुतण्यात तर जास्तच.)

आणि 'पझेस्ड' म्हणजे परत वेगळं, भूत लागलेला. तिथं ताबा माणसाचा नसतो, माणसावरच असतो.

कडक_चहा

वकील साहेब, फ्लॅटचं पझेशन बिल्डर तीन दिवाळ्या झाल्या देतो देतो म्हणतोय. तो पझेस्ड आहे का मी?

कोर्टकचेरी

तुम्ही हॅव बी नाही अन् पझेस बी नाही, तुम्ही फक्त हप्ता भरता. रेराची तक्रार टाका.

बालाघाट_सीताफळ

वकील साहेबांच्या प्रतिसादावरून आठवलं. इंग्रजीत 'हॅव्ज अँड हॅव-नॉट्स' म्हणतात ना, श्रीमंत अन् गरीब, त्याचं मराठी आपण काय केलं बघा, 'आहे रे' आणि 'नाही रे'. कुणी केलं मला माहीत नाही पण काय कान होता त्याचा! 'जवळ असणारे' वगैरे केलं असतं तर शासकीय परिपत्रकाबाहेर कुणी वापरलं नसतं.

मोमिनाबादी

वा. हे उद्या वर्गात.

आता दोन गोष्टी राहिल्या, 'हॅव टू' अन् ते 'हॅव डन'वालं. हॅव टूला आपण 'लागतं' म्हणतो, मला जावं लागतं. पोरांना वाटतं जायचं अन् मालकीचा काय संबंध. आधी इंग्रज म्हणायचा माझ्याकडं एक पत्र आहे, लिहायचं. मग तेच झालं मला पत्र लिहायचंय, मग लिहावंच लागतंय. हातातली वस्तू गेली, नुसता बोजा राहिला. उच्चार पण बदलला, कुणी हॅव टू म्हणतच नाही, 'हॅफ्टू'. 'हॅव रिटन'ची बी तीच कहाणी, माझ्याकडं पत्र लिहिलेलं आहे, त्याचं झालं मी पत्र लिहिलंय. पूर्वी येणं-जाणं असलं की हॅव नव्हतेच लावत, 'इज कम', 'इज गॉन' म्हणायचे, म्हणजे आपल्यासारखंच 'आलाय, गेलाय'. त्यातलं 'ही इज गॉन' आजबी जिवंत आहे. मुळात हॅव शब्दाचाच जुना अर्थ पकडणं, हातात धरणं असा. लॅटिनचा 'हाबेरे' दिसायला जुळा भाऊ वाटतो पण नातं नाही, खरं नातं 'कापेरे'शी, म्हणजे धरणं, पकडणं.

भरती_2प्रयत्न

सर 'हॅड हॅड' पण सांगा ना, पेपरात दोनदा छापलं की मला वाटतं प्रिंटिंग मिस्टेक.

मोमिनाबादी

पहिला हॅड काळाचा, दुसरा कामाचा. 'आय हॅड हॅड माय टी बिफोर द बस केम', बस यायच्या आधीच माझा चहा झाला होता. दुसऱ्या हॅडच्या जागी 'टेकन' ठेवून बघ, बसलं तर वाक्य बरोबर.

तिसरा एक प्रकार असतो तो जास्त फसवतो, 'आय हॅड माय हेअर कट'. मी कापले नाहीत, कापून घेतले. शेतातली मोटार जळाली की आपण म्हणतो मोटार भरून आणली, भरणारा दुसराच असतो, तसंच 'आय हॅड द मोटर रिवाउंड'. पण 'आय हॅड माय बाइक स्टोलन' म्हणलं की 'मी माझी गाडी चोरून घेतली' असं करू नको, तिथं अर्थ फक्त गाडी चोरीला गेली. मी करवलं का माझ्यावर आलं, ते संदर्भानं ओळखायचं. इन्शुरन्सवाल्यापुढं मात्र 'माय बाइक वॉज स्टोलन' असंच म्हण 😀

देगलूरनाका

अन् लोकसभेत मतदान झालं की अध्यक्ष म्हणतात 'द आइज हॅव इट', मला लई दिवस वाटायचं डोळ्यात काय गेलं? ते आइज म्हणजे 'हो' म्हणणारे, जिंकले ते. इथं हॅव म्हणजे जिंकणं. अन् 'यू हॅव बीन हॅड' म्हणजे तुला फसवलं. एकच शब्द, जिंकला बी तोच अन् गंडवला बी तोच.

नवीन_सदस्य_हिंगोली

नमस्कार, मी नर्सिंग फायनलला आहे, ओईटीची (परदेशी नोकरीसाठी नर्स-डॉक्टरांची इंग्रजीची परीक्षा) तयारी करतेय. लातूरच्या ताईंना विचारायचं होतं, रोलप्लेत पेशंटला 'डू यू हॅव' विचारू, 'हॅव यू गॉट' का 'आर यू हॅविंग'?

लातूरची_सिस्टर

बाळा, अॅलर्जी, शुगर, बीपी, लेकरं-बाळं हे 'डू यू हॅव'नं विचार, सगळीकडं चालतं. 'हॅव यू गॉट' ब्रिटिश लोक रोज बोलतात, तेही चुकीचं नाही, पण एकच धर अन् त्याच्यावर हात बसव. 'आर यू हॅविंग डायबेटीस' अजिबात नको. पण दुखण्याला 'आर यू हॅविंग एनी पेन' चालतं, कारण दुखणं आत्ता चालू असतं. आणि पोट साफ झालं का हे विचारायला इकडं 'हॅव यू ओपन्ड युअर बाउल्स' म्हणतात, पहिल्यांदा ऐकशील तेव्हा हसू नको, पेशंट एकदम गंभीरपणे उत्तर देतात.